कॉडमन मायक्रोसेन्सर : सगळा भरवसा एका झिरोवर

कवटीतला दाब मोजायला मेंदूत सोडायची ही तार टोकाला जेमतेम १.२ मिमी जाड. तिथे टायटॅनियमच्या डबीत सिलिकॉनची चिप बसवलेली असते. दाबाने चिपला ताण पडला की तिचा विद्युतरोध बदलतो आणि मॉनिटर तो मिमी पाऱ्यात दाखवतो. मध्ये पाण्याची नळी नाही, त्यामुळे खाट वर-खाली केली की ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा बाहेरचा भाग) कानाच्या पातळीला आणायची कटकट नाही. रचना म्हणून झकास.

मेख आहे झिरोमध्ये, म्हणजे मोजणीचा शून्य ठरवण्यात. तार आत घालण्यापूर्वी तो एकदाच होतो. टोक निर्जंतुक पाण्यात आडवं, बुडेल इतपतच ठेवायचं. खोल धरलं तर दर १.३६ सेंमीमागे १ मिमी पाऱ्याची चूक शेवटपर्यंत राहते. झिरो झाला की मॉनिटरवर तीन आकडी संदर्भ क्रमांक येतो. तो केसपेपरवर लिहाच, कनेक्टरवरही चिकटवा. मॉनिटर बदलला की तोच भरावा लागतो, आणि सेन्सर आत असताना पुन्हा झिरो करता येत नाही.

बोल्टमधून (कवटीत बसवलेल्या पोकळ स्क्रूमधून) घालताना टोक मेंदूत साधारण २ सेंमी जातं. तार कोनात दुमडली किंवा बोल्ट फार आवळला तर आतली वायर तुटते. अशा वेळी मॉनिटरवर सरळ रेघ येते, निदान कळतं तरी. सरकलेला झिरो जास्त घातक. प्रत्येक ठोक्याची लहर, तिची शिखरं सगळं सुरेख दिसतं आणि सरासरी मात्र चुकलेली असते. ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या सूचनांत उपचाराचा उंबरठा २२ मिमी पारा आहे. तिथे ४-५ चा फरक म्हणजे मॅनिटॉल (दाब उतरवणारं औषध) उगाच सुरू होणं, नाहीतर सुरूच न होणं. आडव्या रुग्णात उणे आकडा दिसला तर आधी झिरोवर संशय घ्या. सीटी आणि आकडा जुळत नसतील तर तार बदला.

व्हेंट्रिकलमधला (मेंदूतल्या पोकळीतला) ड्रेन स्वस्त पडतो, कधीही झिरो होतो, मेंदूतलं पाणीही काढता येतं; पण संसर्गाचा धोका मोठा, आणि सुजेने व्हेंट्रिकल चपटं झालं की तो घालणंच अवघड. तिथे ही तार घ्यावी.

शंटच्या (मेंदूतलं जादा पाणी वळवणाऱ्या कायमच्या नळीच्या) रुग्णाला कायमचा सेन्सर हवा असेल तर मात्र ही नको, मिएट्केचा बिनतारी एम.स्किओ पाहा. तो निरपेक्ष दाब मोजतो, म्हणून त्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा करावा लागतो. मुंबईहून महाबळेश्वरला गेलं की हवेचाच दाब १०० मिमी पाऱ्याहून जास्त उतरतो!