‘आय-सेव्हन म्हणालो, आय-सेव्हनच दिला’: गेमिंग पीसीच्या नावाखाली झालेली फसवणूक

माझ्या मामेभावाला ३८ हजारांना जो ‘गेमिंग पीसी’ विकला गेला, त्याची ही हकीकत. जाहिरात अशी होती: आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग), ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवायची डिस्क), आरजीबी म्हणजे रंगीत दिव्यांचं कॅबिनेट, एक वर्ष वॉरंटी. यात धडधडीत खोटं असं काहीच नव्हतं. अशा जाहिराती रोज दिसतात आणि गावाकडची पोरं त्यांवर विश्वास ठेवून पैसे पाठवतात, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

पैसे मामांनी उसाच्या बिलातून दिले होते. पोराला ॲनिमेशन शिकायचं होतं, ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर चालवायचं होतं, जोडीला गेमही खेळायचे होते. त्याने फोन करून विचारलंसुद्धा, “नवे गेम चालतील ना?” “एकदम स्मूथ,” असं उत्तर मिळालं. पार्सल सांगलीला आलं. पुढे काच, आत रंगीत पंखे, बघत राहावं असं मशीन. पण गेम लावला की थोड्याच वेळात अडकायला लागायचा आणि मग पीसी आपोआप बंद. तक्रार केली की विक्रेत्याचं एकच पालुपद: विंडोज परत टाका.

दिवाळीत गेले तेव्हा मी तो बघितला. आतले पार्ट नेमके कोणते ते दाखवणारं सीपीयू-झेड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. प्रोसेसर आय-सेव्हनच होता, पण ३७७०, म्हणजे इंटेलने २०१२ मध्ये आणलेला, तिसऱ्या पिढीचा. रॅमही डीडीआर३, म्हणजे जुन्या प्रकारची. २०२२ सालचा आय-थ्री १२१००, म्हणजे आय-सेव्हनच्या खालच्या श्रेणीतला प्रोसेसरही, त्याला आरामात मागे टाकतो. विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला; म्हणजे हे मशीन दोन्हीकडून अडकलेलं. ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०, मूळचं २०१४ चं. त्याची ४ जीबी म्हणजे नुसती मेमरी; कार्ड किती वेगाने काम करतं ते या आकड्यावरून कळतच नाही. एसएसडी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासली, तर ‘पॉवर ऑन अवर्स’पुढे, म्हणजे ती किती तास चालली आहे त्यापुढे, हजारोंचा आकडा. नवी म्हणून दिलेली एसएसडी आधीच कुठेतरी घासलेली होती.

मग बाजूचं झाकण काढलं. प्रोसेसरवरचा कूलर चार पिनांनी बोर्डात बसतो. त्यातली एक पिन बसलेलीच नव्हती. बोटाने दाबलं की कूलर त्या कोपऱ्यात हलत होता. प्रोसेसर तापून मशीन बंद पडत होतं ते यामुळे. समोरचे तीन पंखे सलग काचेमागे, हवा आत यायला फटही नाही. ते फक्त चमकत होते. सगळ्यात जास्त राग आला तो एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा, बघून. वर ठळक अक्षरांत ५००, म्हणजे ५०० वॅटचा वाटावा असा. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर. गुणाकार करा: १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड याच १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे पुढे चांगलं कार्ड टाकायचा रस्ताही बंद. असला हलका एसएमपीएस जाताना बोर्डालाही घेऊन जाऊ शकतो, आणि आपल्याकडे विजेचा लपंडाव काही नवा नाही.

विक्रेत्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, आय-सेव्हन म्हणालो, आय-सेव्हनच दिला.” बिलावर फक्त ‘कॉम्प्युटर, १ नग’. एकाही पार्टचा सिरियल नंबर नाही, त्यामुळे कुठल्या कंपनीकडे वॉरंटी मागायची सोय नाही. त्याची स्वतःची वॉरंटी होती, पण मशीन आमच्या खर्चाने कुरिअर करायचं.

त्याचं हे उत्तर कायद्यात बसत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणंही येतं. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केली. त्यावर विक्रेत्याने आणखी पैसे भरून दुसरं मशीन घ्या असं सुचवलं, ते आम्ही नाकारलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि पैसे भरल्याची पावती भावाने जपून ठेवली होती, त्या सगळ्याचा फार उपयोग झाला.

तुमच्या घरी कुणी असा तयार पीसी घेत असेल, तर पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याला हे लिहून पाठवा: “प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी आणि एसएमपीएस यांची कंपनी व पूर्ण मॉडेल नंबर कळवा. प्रत्येक पार्ट नवा की वापरलेला, तेही लिहा. बिलावर सगळ्यांचे सिरियल नंबर हवेत.” उत्तर लेखी आलं नाही, तर तिथून घेऊ नका.