इंग्लंडात ऑनलाइन एजंटकडून घर: ऑफर वर जाते, खाली येत नाही

सगळ्यात ताजा राग आधी सांगून टाकते. या ऑनलाइन इस्टेट एजंटच्या ॲपमध्ये ऑफर वाढवता येते, कमी करता येत नाही. मान्य झालेल्या रकमेपेक्षा एक पौंड जरी कमी टाकला तरी चौकट लाल होते आणि खाली उमटतं, ‘याहून मोठी रक्कम भरा’. सर्व्हेत, म्हणजे घेणाऱ्याने करून घेतलेल्या घराच्या तपासणीत, घराचं दुखणं बाहेर आलं की किंमत खाली आणायची, हा इथला रोजचा व्यवहार. तरी तो या ॲपला ठाऊकच नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. त्यांना उत्तराला आठ आठवडे द्यायचे, मग ओम्बुड्समनकडे, म्हणजे तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जाता येतं. आम्ही राहतो रेडिंगमध्ये. घर व्हिक्टोरियन टेरेस, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं, रांगेत शेजारच्या घरांना चिकटलेलं, दोन बेडरूमचं, मागे चिंचोळी बाग. मागितलेली किंमत ३,७५,००० पौंड. काही महिने हे ॲप वापरून आता आम्ही त्याच घरात राहतोय, म्हणजे काम झालं हे खरं. पण कसं झालं ते ऐका.

या एजंटांचं गणित साधं आहे. विकणाऱ्याकडून ठरावीक फी घ्यायची, बहुतेक वेळा आधीच, घर विकलं जावो न जावो. हाय स्ट्रीटवरचा, म्हणजे बाजारपेठेत दुकान मांडून बसलेला एजंट टक्केवारी घेतो आणि तीही विक्री झाल्यावर, त्यामुळे तो निदान मागे तरी लागतो. इथे मागे लागायला कुणी नाही. घर दाखवायलाही मालकीणबाई स्वतःच होत्या, सत्तरीच्या, मुलीजवळ डेव्हनला राहायला निघालेल्या. ही गोष्ट पुढे फार कामाला आली.

आता ऑफरचा फॉर्म. रक्कम पाचशेच्या टप्प्यांनी सरकते. मला टाकायचे होते ३,५८,२५०. ॲप म्हणतं ३,५८,०००, नाहीतर ३,५८,५००. नवरा म्हणाला, अडीचशे पौंडांसाठी काय डोकं पिकवतेस. अडीचशे पौंड म्हणजे आमचा महिन्याचा किराणा. शिवाय आम्ही पहिल्यांदा घर घेणारे, म्हणजे ३ लाखांपर्यंत स्टॅम्प ड्युटी शून्य आणि ३ ते ५ लाखांमधल्या रकमेवर ५ टक्के. एप्रिल २०२५ पासून हाच दर आहे. म्हणजे या पट्ट्यात पाचशेच्या प्रत्येक उडीमागे सरकारला २५ पौंड वेगळे. सॉफ्टवेअरवाल्याला एक शून्य कमी लिहायला काय झालं होतं?

त्याच फॉर्मवर ‘फर्स्ट टाइम बायर’ अशी एक चौकट असते. आपल्या लोकांनी ती डोळे झाकून टिक करू नये. जगात कुठेही तुमच्या नावावर राहतं घर असेल किंवा कधी काळी असेल, तर ती सवलत मिळत नाही. पुण्यातला फ्लॅट धरतात, वारसाने आलेला हिस्साही धरतात. भारतातलं घर अजून नावावर असेल तर बहुतेक वेळा वरून ५ टक्के जादा ड्युटी बसते. दोघं मिळून घेत असाल तर दोघांनाही हा नियम लागू. गावच्या घरावर नाव लागलंय का हे वकिलाशी आधी बोलून घ्या. एवढी मोठी गोष्ट, आणि चौकटीखाली स्पष्टीकरणाची एक ओळ नाही.

पहिली ऑफर टाकली तर ती पुढे जाईना. ‘आमच्या मॉर्गेज सल्लागाराशी बोलल्यावर ऑफर विक्रेत्याकडे पाठवू’ असा मेसेज. आमच्याकडे बँकेचं डिसिजन इन प्रिन्सिपल, म्हणजे किती कर्ज देऊ याचं प्राथमिक पत्र, तयार होतं, डिपॉझिटचा पुरावाही जोडला होता. कर्ज परवडेल का एवढं एजंटने तपासणं ठीक आहे. पण त्यांच्या सल्लागाराकडून कर्ज घेत नाही म्हणून ऑफर दाबून ठेवणं बेकायदा आहे. १९७९ च्या इस्टेट एजंट्स कायद्याखालचा १९९१ चा एक आदेश आहे. त्यानुसार, विक्रेत्यानेच नको म्हटलं नसेल तर प्रत्येक ऑफर त्याला लवकरात लवकर आणि लेखी कळवावी लागते. मी चॅटमध्ये तेवढंच लिहिलं, आदेशाच्या वर्षासकट. संध्याकाळच्या आत ‘ऑफर पाठवली’ असं हिरवं झालं. भांडायचं असेल तर वर्ष माहीत असावं.

मग सुरू झाले बाबांचे सांगलीहून फोन. “टोकन दिलंस का गं?” म्हटलं, बाबा, इथे टोकन नसतं. ऑफर मान्य झाली तरी एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स, म्हणजे सह्या झालेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत कुणीच बांधील नाही. दहा टक्के वगैरे तेव्हाच द्यायचे. “मग पैसे न घेता ती बाई घर तुझ्यासाठी का धरून ठेवेल?” प्रश्न बरोबर आहे आणि त्याला उत्तर नाही. मधेच कुणी जास्त देतो म्हणाला तर मालक फिरू शकतो, त्याला इथे गझम्पिंग म्हणतात. सर्व्हे आणि वकिलाचा खर्च आपल्या अंगावर पडतो. एडिनबराच्या मैत्रिणीला हे ऐकून नवल वाटलं. स्कॉटलंडात ऑफर सॉलिसिटरमार्फत जाते, घराच्या तपासणीचा होम रिपोर्ट विकणाऱ्याने बहुधा आधीच दिलेला असतो आणि मिसिव्हज, म्हणजे दोन्ही वकिलांमधली कराराची पत्रं, पक्के झाले की दोघंही अडकतात.

इथवर मी या ॲपला एकच तारा देणार होते. मग मत थोडं बदललं.

वाढवत वाढवत आमची ऑफर ३,६४,५०० ला मान्य झाली. ऑफरसोबतच्या निरोपाच्या चौकटीत मी दोन अटी घातल्या होत्या: मान्य झाल्या दिवशी जाहिरात काढायची, आणि कुकर आणि बागेतली शेड किमतीत धरायची. पुढच्या आठवड्यात पाहते तर जाहिरात जशीच्या तशी, वर ‘पाहणीची वेळ ठरवा’ हे बटणही चालू. फोनवरचा मुलगा म्हणाला, अशी अट आमच्याकडे दिसत नाही. मी त्यालाच ऑफरच्या इतिहासाचं पान उघडायला लावलं. माझी अट, तारीख, वेळ, आणि खाली मालकीणबाईंचं ‘मान्य’, तेही तारखेसकट. तासाभरात जाहिरात उतरली. आधीच्या एका घरासाठी आम्ही हाय स्ट्रीटच्या एजंटशी बोलत होतो. त्याचं सगळं तोंडी, ‘अजून एक पार्टी आहे, उद्यापर्यंत आकडा वाढवा’. ती पार्टी खरी की त्याच्या मनातली हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. इथे निदान कोण काय बोललं ते पुसता येत नाही. या एका पानासाठी मी बरंच माफ करायला तयार होते.

एवढ्यात सर्व्हेचा रिपोर्ट आला.

लेव्हल २ चा, म्हणजे मधल्या पातळीचा सर्व्हे होता. सर्व्हेअर पोटमाळ्यावर चढला आणि टॉर्चच्या उजेडात फोटो काढून आणला. खाली बैठकीतला चिमणीचा पुढे आलेला भाग कुणीतरी कधीतरी पाडून भिंत सपाट केलेली, पण वर विटांचं धुराडं तसंच. त्याला आधार म्हणून दोन लाकडी ठोकळे, एकाला उभी चीर. हे काम बांधकामाच्या नियमांनुसार झाल्याचं बिल्डिंग रेग्युलेशन्सचं प्रमाणपत्र नाही. विक्रेत्याच्या वकिलाने त्याबदली इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे एक विमा, देऊ केला. ती पॉलिसी कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, कारवाई केली तर उपयोगी, डोक्यावर वीट पडली तर नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि बिल्डर मिळून साधारण पाच हजारांचा अंदाज निघाला.

आता पाच हजार कमी करायला गेले, तर सुरुवातीला सांगितलेली ती लाल चौकट. हेल्पलाइनचं उत्तर असं की आधीची ऑफर मागे घ्या, मग नवी टाका. मागे घेतली की काय होतं? घर आपोआप पुन्हा ‘विक्रीस उपलब्ध’ होतं आणि ज्यांनी ते सेव्ह केलंय त्या सगळ्यांना नोटिफिकेशन जातं. म्हणजे किंमत पाडून मागायची तर आधी सगळ्या रेडिंगला दवंडी द्या. मी विचारलं, तुमच्याकडे सर्व्हेनंतर कुणी किंमत कमी करून मागतच नाही का? “मागतात, पण सिस्टिममध्ये तशी सोय नाही.” मग मागणारे करतात काय? “विक्रेत्याशी बोलतात.” मग तुमची फी कशाची, हे मी विचारलं नाही. ती मी देतही नव्हते.

मालकीणबाईंना भेटलो, फोटो दाखवला. चहा झाला. त्यांनी त्यांच्या फोनवरचं ॲप उघडून दाखवलं. तिथे आमच्या नावापुढे फक्त रक्कम आणि ‘नो चेन’, म्हणजे आधी स्वतःचं घर विकायचं नाही, अशी चिठ्ठी. मी जीव ओतून लिहिलेला निरोप त्याखाली घडी घालून ठेवलेला, पहिली ओळ तेवढी दिसणारी, बाकीचा बोट लावलं तरच उघडणारा. त्यांनी तो पूर्ण वाचला होता तो केवळ चुकून बोट लागलं म्हणून. पाचऐवजी सव्वाचार हजारांवर तोडलं, ३,६०,२५०. पाचशेच्या टप्प्यात न बसणारा आकडा, याचं मला जरा जास्तच समाधान आहे. स्टॅम्प ड्युटीतही दोनशेच्या वर पौंड वाचले.

पण मेमोरँडम ऑफ सेलवर, म्हणजे ठरलेल्या व्यवहाराच्या एजंटच्या कागदावर, अजून जुनाच आकडा. बँकेला नवी किंमत कळवायची, वकिलाला हवा एजंटचा सुधारित कागद, आणि एजंट म्हणे सिस्टिम कमी आकडा घेत नाही. अखेर त्यांच्या मॅनेजरने साध्या ईमेलवर दोन ओळी लिहून दिल्या आणि दोन्ही वकिलांनी त्यावर भागवलं. त्यात बरेच दिवस गेले. व्यवहार पूर्ण झाल्यावर ॲपने अभिनंदनाचं चित्र पाठवलं, त्यावरही ३,६४,५०० च.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. ओळख आणि पैशाचा स्रोत तपासणं एजंटला कायद्याने भाग आहे, त्यासाठी काहीजण घेणाऱ्याकडूनही फी उकळतात. आमच्याकडून घेतली. बाबांनी पाठवलेल्या रकमेसाठी वकिलाने त्यांचं बँक स्टेटमेंट, भेटपत्र आणि परदेशी पैसे पाठवताना सांगलीच्या बँकेत भरलेला ए-टू फॉर्म, सगळं मागितलं. ते ऑफर टाकायच्या आधीच जमवून ठेवलेलं बरं. शेजारची घरं कितीला गेली हे लँड रजिस्ट्री या सरकारी मालमत्ता नोंदणी खात्याच्या साइटवर फुकट दिसतं, १९९५ पासूनचं. ॲपमधला ‘अंदाजे बाजारभाव’ बघू नका, तो विकणाऱ्याला खूश करायला आहे.

पुन्हा घ्यायचं झालं तर याच ॲपवर घेईन का? घर मालक स्वतः दाखवत असेल तर हो. आकडा तोंडाने ठरवायचा आणि अटी मात्र त्या निरोपाच्या चौकटीत लिहायच्या, पहिल्याच ओळीत, कारण घडी न उघडता तेवढीच ओळ दिसते. आणि ऑफरच्या इतिहासाचं पान एक्स्चेंजच्या आधीच पीडीएफ करून ठेवा. व्यवहार पूर्ण झाला की खातं बंद होतं. माझं झालं. शेडची किल्ली कुणी द्यायची यावर आता वाद चाललाय, आणि ती अट माझ्याकडे फक्त स्क्रीनशॉटमध्ये आहे, तोही अर्धा.