‘द पार्टी’ (१९६८) : रंगवलेला बक्षी आणि आपली मोजपट्टी

ब्लेक एडवर्ड्स यांचा ‘द पार्टी’ हा ९९ मिनिटांचा चित्रपट प्रसंगनिष्ठ विनोदाचा उत्तम नमुना आहे आणि त्याच्या मुळाशी असलेला दोषही तितकाच ढळढळीत आहे. ह्रुंडी व्ही. बक्षी हा हॉलिवूडमध्ये किरकोळ कामे करणारा भारतीय नट आहे, पण ही भूमिका पीटर सेलर्स या इंग्रज नटाने चेहऱ्याला तपकिरी रंग फासून केली आहे. चुकून अख्खा सेट उडवून देणाऱ्या बक्षीचे नाव स्टुडिओच्या प्रमुखाकडील मेजवानीच्या यादीत लिहिले जाते, एवढेच कथानक.

विनोदाची बांधणी मात्र पाहत राहावी अशी आहे. मेजवानीला पोहोचताच बक्षी चिखलाने माखलेला बूट घरातल्या वाहत्या पाण्यात धुवायला जातो, बूट हातातून निसटून वाहून जातो आणि तो परत मिळवण्याची त्याची धडपड जवळजवळ संवादाविना चालते; शेवटी तो बूट वेटरच्या तबकात खाद्यपदार्थांमध्ये जाऊन पडतो. हा प्रसंग कोणत्याही देशाच्या अवघडलेल्या पाहुण्यावर ओढवू शकला असता. पुढे यजमानांची मुलगी आणि तिचे मित्र हत्तीच्या पिलाचे अंग रंगवून त्याला घरात आणतात, तेव्हा ही त्या प्राण्याची विटंबना आहे असे बक्षी ठामपणे सांगतो आणि त्याला धुवायला लावतो. लेखनाची सहानुभूती कोणाकडे आहे, ते तिथे स्पष्ट होते. उच्चारांवर बेतलेले विनोद, विशेषतः पोपटाला दाणे घालतानाचे, मात्र शिळे वाटतात.

चेहरा रंगवण्याचे समर्थन मला करता येत नाही. त्या काळी योग्य भारतीय नट मिळाला नसता ही सबबही टिकत नाही, कारण विनोदी अभिनयासाठी प्रसिद्ध असलेले आय. एस. जोहर १९६२ सालच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मध्ये झळकले होते. शिवाय याच एडवर्ड्स यांनी १९६१ साली ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’मध्ये मिकी रूनी यांना खोटे दात लावून जपानी शेजारी बनवले होते.

हे सारे मान्य करणारे आपल्याकडचे प्रेक्षक त्याच वर्षीच्या ‘पडोसन’कडे मात्र निराळ्या नजरेने पाहतात, आणि ते मला मनापासून खटकते. मेहमूद यांचा मास्टर पिल्लई शेंडी, कपाळावरचे गंध आणि दाक्षिणात्य वळणाची हिंदी यांच्या जोरावर हसवतो. गाण्याच्या सामन्यात पिल्लई स्वतः गातो; समोरचा नायक नुसते ओठ हलवतो, गळा आड दडलेल्या मित्राचा असतो. गाणारा माणूस लबाडीने नामोहरम होतो आणि आपण टाळ्या वाजवतो, कारण त्याचे हेल हास्यास्पद असल्याचे आपण आधीच गृहीत धरलेले असते. सेलर्स यांचा रंग अपमानास्पद आणि पिल्लईची शेंडी म्हणजे निखळ करमणूक, हा न्याय मला पटत नाही. भूमिका कोणाला दिली हे पाहिले तर ‘द पार्टी’ सपशेल नापास होतो. परक्या वाटणाऱ्या माणसाला पटकथेने कसे वागवले हे पाहिले तर ‘पडोसन’ त्याच्या बराच मागे पडतो.

‘द पार्टी’ जरूर पाहावा. घरातल्या मुलांबरोबर पाहणार असाल, तर बक्षीचे काम करणारा नट भारतीय नव्हता हे त्यांना आधीच सांगावे, आणि पुढच्या सुटीत ‘पडोसन’ दाखवून पिल्लईबद्दल त्यांना काय वाटले तेही विचारावे.