बल्ब लख्ख पेटला, पण अर्थिंग नव्हतंच

सोसायटीच्या पंपांचं अर्थिंग नव्याने करून घेणार असाल तर हे आधी वाचा. वारज्यात आमच्याकडे एका ठेकेदाराने ४२,००० रुपये घेतले आणि पंपरूम पहिल्यापेक्षा धोकादायक करून ठेवली.

ठरलं होतं ते असं: साडेसात एचपीच्या दोन थ्री-फेज मोटरींसाठी केमिकल अर्थिंगचे दोन नवे पिट (पाइप गाडायचे खड्डे), प्रत्येक मोटरीच्या बॉडीला अर्थच्या दोन स्वतंत्र पट्ट्या (नियमच तसा आहे, मोटर असो वा ट्रान्स्फॉर्मर), पॅनेलमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) आणि शेवटी टेस्ट रिपोर्ट. काम संपल्यावर त्याने फेज आणि अर्थच्या मध्ये २०० वॅटचा बल्ब लावला. बल्ब लख्ख पेटला. रिपोर्टवर अर्थिंगचा रोध (जितका कमी तितकं चांगलं) ०.८ ओहम लिहून दिला आणि चेक घेऊन गेला.

तो बल्ब पेटला होता न्यूट्रलवर. पॅनेलच्या मागच्या बाजूला अर्थची पट्टी एका वायरीने न्यूट्रलच्या बारला जोडून ठेवली होती. न्यूट्रल जमिनीला जोडतात ते तिकडे डीपीवर, ट्रान्स्फॉर्मरपाशी. आपल्या पंपाच्या पॅनेलमध्ये नव्हे. इथे जोडलं आणि मागे कुठे न्यूट्रल तुटलं, तर ज्या लोखंडाला आपण निर्धास्तपणे हात लावतो तेच जिवंत होतं. जुलैत नेमकं तेच झालं. येणाऱ्या केबलच्या न्यूट्रलचा जोड जळाला, पार्किंगच्या दिव्यांचा करंट त्या बारवरून मोटरीच्या बॉडीवर आला आणि व्हॉल्व फिरवणारे वॉचमनमामा झटक्याने मागे फेकले गेले. फेकले गेले म्हणूनच वाचले. बोटं भाजली.

मग परवानाधारक वायरमन बोलावला. जोड दुरुस्त केल्यावर त्याने मोटर चालू ठेवून आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं. खटका पडला, मोटर चालूच! मोटरीच्या वायरी आरसीसीबीतून न नेता थेट त्याच्या इनकमिंग टोकांवर कसलेल्या होत्या. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट यांतला फरक ओळखतो. न्यूट्रल पुढे अर्थला जोडलं की तो सारखा पडणार. ठेकेदाराने ती चोरून जोडलेली वायर काढण्याऐवजी आरसीसीबीलाच वगळून टाकलं. याचा मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो.

पिट उकरला तेव्हा बाकीचं कळलं. पाइप इलेक्ट्रोड (जमिनीत गाडायचा पाइप) किमान २.५ मीटर लांब हवा असं आयएस ३०४३ हे अर्थिंगचं भारतीय मानक सांगतं. आमच्याकडे थोड्या मुरुमाखाली लगेच काळा पाषाण लागतो, म्हणजे बोअर मशीन आणायलाच हवं. ते कधी आलंच नाही. खाली कापलेला अडीच फुटी तुकडा होता, भोवती पावडर, वर नवंकोरं चेंबर. न्यूट्रलची वायर सोडवून मोजलं तर ६० ओहमच्या वर. एवढ्या अर्थिंगवर फेज बॉडीला लागला तर २३० भागिले ६०, म्हणजे चार अँपिअरही जात नाहीत. एमसीबीला (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) त्याची चाहूलही लागत नाही आणि बॉडीवर जवळपास पूर्ण व्होल्टेज तसंच राहतं. अगदी ५ ओहमचं चांगलं अर्थिंग असलं तरी ४६ अँपिअर. ३२ अँपिअरचा एमसीबी तेवढ्यावर झटकन पडत नाही. लीकेजमध्ये माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, आणि आमचा तोच निकामी केला होता.

०.८ ओहमचा आकडा तर बसल्या जागी लिहिलेला. अर्थ टेस्टरच्या खुंट्या पिटापासून लांब मातीत ठोकाव्या लागतात. आमच्या सगळ्या आवारात पेव्हिंग ब्लॉक आहेत आणि त्या दिवशी एकही ब्लॉक कोणी उचलला नव्हता.

ठेकेदार आधी म्हणाला, “मोटरी जुन्या आहेत, साहेब.” नंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. बिलावर परवाना क्रमांक नाही. विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात तक्रार दिली आहे.

तुमच्याकडे काम चालू असेल तर पाइप खड्ड्यात सोडण्याआधी शेजारी टेप धरून फोटो काढा. पिट पॅनेलपासून सोडवूनच मोजायला लावा आणि खुंट्या कुठे ठोकल्या ते स्वतः बघा. टेस्ट बटण मोटर चालू असतानाच दाबा. मोटर थांबली नाही तर मेन स्विच पाडून पंपरूमला कुलूप लावा आणि दुसरा वायरमन बोलवा.