बाळाच्या स्टोमासाठी दहा महिने व्हिडिओ कॉल: आधी घरातला बल्ब बदला

ज्यांच्या बाळाची कोलोस्टोमी झाली आहे (आतड्याचं तोंड पोटावर काढून शीला वाट देतात, त्या तोंडाला स्टोमा म्हणतात) आणि ज्यांना 'पुढचं व्हिडिओवर बघू' असं सांगून घरी पाठवलंय, त्यांनी सगळ्यात आधी घरातला पिवळा बल्ब काढावा. ॲप कसं आहे, नेट किती लागतं, हे सगळं नंतर. मी दहा महिने वापरून हे सांगतेय, आणि त्यातला मे महिना आम्हाला फार महागात पडला.

मुलगा जानेवारी २०२०चा, दापोलीतला. जन्मतः शीची जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी मुंबईत नेऊन पोटावर तात्पुरती वाट काढली. खरी जागा करण्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये ठरलं होतं, पण कोरोनाची टाळेबंदी लागली. तातडीची नसलेली ऑपरेशनं पुढे गेली, एसटी बंद झाली. २५ मार्चला केंद्राची टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून तपासण्याची, नियमावली आली आणि आमच्या रुग्णालयाने ॲप सुरू केलं. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलाबरोबर मोठं माणूस हवं आणि त्याची ओळख पटायला हवी, असा त्यात नियम आहे. नियम योग्यच आहे, पण ॲप दर वेळी माझ्या आधारकार्डाचा नवा फोटो मागायचं. एकदा घेतलेला ठेवायला काय हरकत होती?

आता बल्बचं. स्टोमा लाल-गुलाबी हवा, तोंडाच्या आतल्या भागासारखा. काळा-जांभळा पडला तर आतड्याचा रक्तपुरवठा थांबतोय असं समजून लगेच निघायचं, हे घरी सोडतानाच सांगितलेलं असतं. मे महिन्यात आम्हाला रात्री साडेआठची वेळ मिळाली. माजघरात साठचा पिवळा बल्ब. ड्यूटीवरचे डॉक्टर दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, काळपट दिसतोय. थांबू नका, निघा."

माझ्या डोळ्यांना तो रोजच्यासारखाच दिसत होता. पण डॉक्टर 'निघा' म्हणाल्यावर कोण थांबणार? गाडीचे ९,५०० रुपये. जिल्ह्याबाहेर जायच्या ई-पाससाठी अर्धी रात्र गेली, कशेडीच्या नाक्यावर दोन तास. सकाळी रुग्णालयात ट्यूबलाइटखाली कापड सोडलं, तर स्टोमा स्वच्छ गुलाबी. सिस्टरने विचारलं, "घरी बल्ब कोणता आहे?" परत आलो ते थेट मराठी शाळेत, १४ दिवस विलगीकरणात. चार महिन्यांचं बाळ, पोटावर स्टोमा, वर्गाबाहेर एकच नळ. ते दिवस मी विसरणार नाही.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. काळपट दिसत असताना ते 'घरीच थांबा' म्हणाले असते, तर ती खरी चूक झाली असती. माझा राग आहे तो रुग्णालयाने पाठवलेल्या सूचनांवर. पासवर्ड कसा बदलायचा, पैसे कसे भरायचे, सगळं दोन पानं भरून होतं. उजेडाबद्दल एक ओळ नव्हती. जिथे सगळा निर्णय रंगावर होतो तिथे ही ओळ पहिली हवी.

मे अखेरीला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, व्हिडिओच्या नादी लागू नका, उसने पैसे घ्या पण मुंबई गाठा. मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमच्या वाडीत तीन आठवडे वीज नव्हती, मोबाइलचे टॉवरही बंद. वादळानंतर आठवड्याभरात बाळ रडलं की स्टोमा बोटभर बाहेर यायला लागला. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर, एका जागी रेंज येते असं कळलं, म्हणून बाळाला घेऊन चढलो. फोन शेजाऱ्यांच्या गाडीवर चार्ज केलेला. सासरे छत्री धरून उभे, आभाळ भरलेलं, पाऊस नुकता थांबलेला.

इतकं स्पष्ट चित्र त्याआधी कधीच गेलं नव्हतं. ढगाळ उजेडात चकाकी नसते. फ्लॅश मारला की ओलसर स्टोमावर पांढरा डाग पडतो आणि रंग कळतच नाही, तसलं काही झालं नाही. बाळाच्या डॉक्टर मॅडम स्वतः होत्या. म्हणाल्या, "बाळाचा ओठ आणि स्टोमा दोन्ही एकाच वेळी दाखवा." दोन्हींचा रंग सारखा होता. मग बाळ शांत होईपर्यंत थांबवलं, ओल्या मऊ कापडाने हलकेच दाबायला लावलं. आतडं हळूहळू आत गेलं. मॅडम म्हणाल्या, गुलाबी आहे, आत जातंय, शी होतेय, तर मुंबईला यायची गरज नाही. एक फेरी वाचली, एक विलगीकरण वाचलं. मी तिथे जांभ्यावर बसून रडले.

त्यानंतर प्रत्येक कॉल दिवसा, पडवीत, शेजारी पांढरा रुमाल ठेवून. रुमाल पडद्यावर पिवळट दिसतोय का ते मॅडम आधी विचारतात. एकदाही रंगावरून घोळ झाला नाही.

पिशव्या दापोलीत मिळेनात तेव्हा सिस्टरने व्हिडिओवरच जुन्या लुगड्याच्या घड्या बांधायला शिकवल्या. भोवतीच्या कातडीला झिंकचं मलम जाड थापायचं, वर घडी, वरून पट्टी. रोज वीसेक तुकडे धुवावे लागतात, पण कातडी पिशवीपेक्षा कापडाने जास्त चांगली राहिली.

फोनवर होत नाही तेही सांगते. ऑपरेशनआधी स्टोमातून औषध घालून काढायचा एक्स-रे असतो, त्याला जावंच लागतं. ऑपरेशन सप्टेंबरमध्ये झालं, तोवर ई-पासची अट गेली होती. दोन आठवड्यांनी नवी जागा रुंद करण्यासाठी डायलेटर, म्हणजे गुळगुळीत दांडे, घालायचे असतात, दिवसातून दोनदा, दर आठवड्याला जाडीचा एक नंबर वर. त्याची पहिली वेळ मॅडमनी व्हिडिओवर करू दिली नाही. माझा हात धरून शिकवलं. किती जोर लावायचा ते बघून कळत नाही, हे मला तेव्हा पटलं. पुढचे नंबर, चौदापर्यंत, मात्र व्हिडिओवरच चढवले.

हिशोब मांडते. अकरा कॉल, प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे ५,५००. एका फेरीच्या गाडीभाड्यापेक्षा कमी. रात्रीची वेळ देणं त्यांनी बंद करावं, आणि मिळालीच तर तुम्ही घेऊ नका.

जानेवारी २०२१मध्ये स्टोमा बंद केला. मुलगा आता आपल्या जागेवरून शी करतो. पहिल्या दिवशी दहा वेळा झाली, बूड लाल झालं, आणि घरात आम्ही साखर वाटली. पुढची तपासणी मार्चमध्ये आहे, ती व्हिडिओवरच घेतलीय. सकाळी साडेनऊची वेळ मागून घेतली. तेव्हा पडवीत ऊन नसतं, उजेड असतो.