गेटवर प्रमाणपत्र की दारापर्यंत लस?

शेजारच्या संकुलाचे नवे सचिव गेल्या महिन्यात भेटायला आले होते. सोसायटीसाठी साथीच्या काळातली नियमावली लिहायला घेतली आहे आणि एका कलमापाशी गाडी अडली आहे, म्हणाले. पुन्हा कोविडसारखी साथ आली तर लस न घेतलेल्यांना गेटवर थांबवायचं, की लस त्यांच्यापर्यंत पोहोचवायच्या मागे लागायचं? २०२१ साली आमच्या सोसायटीचा सचिव मी होतो आणि दोन्ही करून पाहिलं होतं, म्हणून त्यांनी मला विचारलं. त्या वर्षी हाच प्रश्न राज्य सरकारपुढे होता, उद्या एखाद्या ग्रामपंचायतीपुढे किंवा कारखान्याच्या मॅनेजरपुढे असेल. त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. अनुभव एका सोसायटीचा आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचावं.

आधी गेटच्या बाजूनं बोलतो, कारण ती बाजू लेचीपेची नाही. ८ ऑगस्ट २०२१ च्या रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केलं की दुसरा डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना १५ ऑगस्टपासून मुंबईची लोकल खुली होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या जिन्यात दुसरा विषय नव्हता. 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणत दोन महिने काढलेली माणसं लसीकरण केंद्राची वेळ विचारायला माझ्या दारात आली. फ्रान्समध्ये त्याच्या महिनाभर आधी असंच झालं होतं. १२ जुलैला राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी कॅफे, रेस्टॉरंट, लांब पल्ल्याची रेल्वे यांसाठी लसीचा किंवा चाचणीचा पास लागणार असं सांगितलं आणि एका दिवसात नऊ लाखांहून अधिक लोकांनी लसीची वेळ ठरवून घेतली. तेव्हा प्रमाणपत्राच्या अटीनं आकडा हलत नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. ज्याला लस मिळू शकते आणि जो केवळ टाळाटाळ करतोय, त्याला ही अट उठवते.

आमच्या समितीनंही हेच पाहिलं. सभेत ठराव आला: घरकामाच्या बायका, ड्रायव्हर, इस्त्रीवाले, दूध-पेपरवाले, सगळ्यांनी दोन्ही डोस आणि १४ दिवस पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र दाखवावं, मगच आत सोडावं. मी बाजूनं हात वर केला. १६ ऑगस्टला नोटीस लागली, खाली सही माझी.

आता ज्या गोष्टीनं माझं मत फिरलं ती सांगतो. तिच्यावर जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई टिटवाळ्याहून यायच्या. वय अडतीस. १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण देशात १ मे रोजी सुरू झालं, पण लसच पुरेना म्हणून महाराष्ट्रानं ते १२ मेच्या सुमारास थांबवलं आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतरच पुन्हा चालू झालं. ताई पहाटे पाचला रांगेत उभ्या राहिल्या, दोनदा टोकन संपलं म्हणून परत गेल्या आणि ३ जुलैला त्यांना कोविशील्डचा पहिला डोस मिळाला. दोन डोसमधलं अंतर मे महिन्यात केंद्रानं १२ ते १६ आठवडे केलं होतं. म्हणजे किमान ८४ दिवस, त्याआधी कोविन हे सरकारी नोंदणी पोर्टल दुसरी तारीख देतच नव्हतं. ३ जुलैत ८४ दिवस मिळवा, २५ सप्टेंबर येतो. त्यात १४ मिळवा, ९ ऑक्टोबर. माझी नोटीस १६ ऑगस्टची.

पहिल्या दिवशी वॉचमननं त्यांना थांबवलं. मी खाली गेलो. पहिल्या डोसचा कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घडी न पडू देता ठेवलेला होता. "काका, मी सगळं केलं की. मग माझं चुकलं कुठं?" असं त्यांनी विचारलं. आवाज चढवून नाही, खरोखर समजून घ्यायला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. अंतर केंद्रानं ठरवलं, लोकलची अट राज्यानं, तीच आम्ही गेटवर लावली, आणि दोन्ही आदेश एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. मधल्या आठ आठवड्यांचा पगार मात्र टिटवाळ्याच्या एका घराचा बुडणार होता.

त्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ लोकलचा पास काढून आले. त्यांनी जुलैच्या सुरुवातीला खासगी रुग्णालयात कोव्हॅक्सिन घेतली होती, डोसला १,४१० रुपये मोजून. तिच्यात अंतर २८ दिवसांचं, त्यामुळे १४ दिवसांसकट सगळं बरोबर बसलं. त्यांनी काही गैर केलेलं नाही. पण ताईंनी आणि त्यांनी एकाच आठवड्यात दंड पुढे केला होता, आणि एकाला दार उघडं, दुसरीला बंद. त्यातून ७ जूनला केंद्रानं परदेशी शिक्षणाला, नोकरीला आणि टोकियो ऑलिंपिकला जाणाऱ्यांसाठी कोविशील्डचं अंतर २८ दिवसांवर आणायची मुभा दिलेली होती. सवलत देता येत होती, हे यातून दिसतं. ती टिटवाळ्याहून कामाला येणाऱ्या बाईसाठी नव्हती.

अंतर वाढवण्यामागच्या शास्त्राबद्दल मला काही म्हणायचं नाही. ब्रिटनमधल्या अनुभवाचा आधार तेव्हा दिला गेला होता, तो तज्ज्ञांचा विषय. माझी तक्रार एवढीच, की अट घालणाऱ्यानं हा हिशेब आधी करायला हवा होता. त्यात मीही आलो. मी बेरीज केली ती ताई गेटवर उभ्या राहिल्यावर.

प्रमाणपत्राच्या बाकीच्या कटकटी थोडक्यात सांगतो. एका मोबाइल नंबरावर चार जणांची नोंदणी चालायची, त्यामुळे बऱ्याच बायकांचं प्रमाणपत्र त्या ज्यांच्याकडे काम करत त्यांच्या फोनवर. ओटीपीसाठी काम सोडलेल्या घरी फोन लावायचा. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळेना. स्टेशनवरच्या मदत कक्षात प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि ओळखपत्र दाखवून शिक्का घ्यायचा, मग खिडकीवर लोकलचा पास. तोही महिन्याचाच, सुट्टं तिकीट ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत नाही. महिन्यातून दोनदा केईएम रुग्णालयात जाणाऱ्या पेशंटनं काय करायचं?

आता दुसरी बाजू, म्हणजे लस दारापर्यंत नेणं. तिचे दोष लपवत नाही. ही पद्धत हळू आहे. तिला माणसं लागतात, आणि ती माणसं बहुतेक वेळा आशाताई असतात. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या तेव्हा कुठे त्यांच्या मानधनात हजार रुपये आणि कोविड भत्त्याचे पाचशे वाढले. दारोदार जाण्याचा खर्च कुणाच्या तरी पायांतून वसूल होतो, हे विसरून कुणी या पद्धतीची तारीफ करू नये. दुसरा धोका शिबिरांचा. मे २०२१ च्या अखेरीला कांदिवलीतल्या एका संकुलात बनावट शिबिर झालं आणि जवळजवळ चारशे रहिवाशांना लस म्हणून भलतंच काही टोचलं गेलं. त्यानंतर खासगी शिबिराचं नाव काढलं की आमच्या समितीला घाम फुटायचा. तुम्ही शिबिर घेणार असाल तर पालिकेच्या केंद्राशी जोडूनच घ्या.

तरीही आम्ही नवव्या दिवशी नोटीस उतरवली आणि इकडे वळलो. फार मोठं काही केलं नाही. पार्किंगमध्ये संध्याकाळी सहा ते आठ एक टेबल टाकलं. दोनशे पानी वहीत सोसायटीत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पहिल्या डोसची तारीख, दुसरा कधी देय, आणि अडचण काय, असे रकाने आखले. 'अडचण' या रकान्यानं मला जेवढं शिकवलं तेवढं कुणी शिकवलं नसेल. खाडा पडला तर पगार कापतात. ताप आला तर मुलांचं कोण बघणार. नवरा नको म्हणतो. नोंदणी करता येत नाही. लसीला तत्त्वतः विरोध असणारा अख्ख्या वहीत एकच निघाला. पगार न कापता लसीची दीड दिवस सुट्टी द्यायची, एवढ्या एका ठरावानं बरीच नावं मार्गी लागली. उरलेल्यांशी आमच्या सी विंगमधल्या डॉक्टरीणबाई बोलल्या. एक इस्त्रीवाले आजोबा तीन वेळा येऊन नुसते बसून गेले, चौथ्यांदा स्वतःच म्हणाले, चला. दरम्यान गेटवर मास्क आणि ताप तपासणी सगळ्यांना सारखी होती, लस घेतलेल्या सभासदांनासुद्धा. दिवाळीपर्यंत वहीत दोन-तीन नावंच कोरी राहिली होती. याला मोजमाप म्हणता येणार नाही, आणि नोटिशीमुळेही काही जण हलले असतील, हे मान्य.

पण वही आणि गेट यांत मला खरा फरक जाणवला तो जबाबाचा. गेटवर उत्तर द्यायचं ते येणाऱ्यानं, की तू लस का घेतली नाहीस. वहीत कोरा रकाना दिसला की उत्तर द्यायचं ते आम्ही, की या माणसापर्यंत आपण का पोहोचलो नाही. किती जणांना गेटवरून परत पाठवलं याची आमच्याकडे कसलीच नोंद नाही. ती ठेवावी, असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

सरकारच्या पातळीवर मला हेच मोठ्या आकारात दिसतं. लोकलच्या अटीबद्दल विचारलं की रेल्वे राज्याकडे बोट दाखवायची. केंद्रानं तर जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की कोणत्याही कामासाठी प्रमाणपत्र सक्तीचं करणारी कार्यपद्धती आम्ही काढलेलीच नाही. लोकलच्या अटीचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठापुढे आलं, आणि तेव्हाच्या मुख्य सचिवांनी २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये काढलेले आदेश आपत्ती व्यवस्थापनाच्या नियमांत घालून दिलेल्या पद्धतीनं निघाले नव्हते, असं न्यायालयाचं मत पडलं. राज्यानं ते मागे घेतले आणि १ मार्च २०२२ ला नव्या आदेशात तीच अट पुन्हा घातली. गुढीपाडव्याच्या तोंडावर सगळेच निर्बंध उठले तेव्हा ती गेली. महिन्याभरानं, २ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयानं जेकब पुलियेल खटल्यात सांगितलं की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. लस न घेतलेल्यांवर घातलेले निर्बंध प्रमाणात आहेत असं दाखवणारी माहिती सरकारांनी पुढे आणलेली नाही, असंही त्यात होतं. त्याच निकालानं लसीकरणाचं धोरण अवाजवी नाही असंही म्हटलं, ते सोडून अर्धाच निकाल सांगणाऱ्यांपासून सावध राहावं.

याउलट दारापर्यंत जाण्याच्या बाबतीत प्रश्न सरकारला विचारले गेले आणि उत्तरं मिळाली. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस का देत नाही, हे याच उच्च न्यायालयानं २०२१ च्या उन्हाळ्यात लावून धरलं. तेव्हा केंद्र म्हणत होतं की दारोदार जाणं शक्य नाही. जुलैच्या अखेरीस मुंबई पालिकेनं ते सुरू केलं, सप्टेंबरात केंद्रानं स्वतः घरी लस देण्याच्या सूचना काढल्या आणि नोव्हेंबरात तर 'हर घर दस्तक' ही देशभरची मोहीमच झाली. मोहिमेच्या आरंभी मागे पडलेल्या जिल्ह्यांची यादी होती, त्यात आपले औरंगाबाद, नांदेड, नंदुरबार होते. ती यादी जिल्हाधिकाऱ्यांना जाब विचारणारी होती. औरंगाबादेत मात्र तिचं उत्तर म्हणून रेशन, पेट्रोल आणि गॅससाठी किमान एक डोस दाखवायची अट आली. निदान एकाच डोसची अट होती, ८४ दिवसांचा पेच त्यात नव्हता, हे मी त्यांच्या बाजूनं धरतो. पण रेशनच्या दुकानात धान्य अडवणं माझ्या मनाला पटत नाही.

तेव्हा तुम्ही काय निवडावं? लस मुबलक आणि फुकट असेल, ज्याला हवी त्याला आठवड्याभरात डोस मिळत असेल, दोन डोसमधलं अंतर अटीत धरलेलं असेल, लस न घेतलेल्याला चाचणी दाखवून आत येता येत असेल (फ्रान्सच्या पहिल्या पासात ती सोय होती, आपल्या लोकलला नव्हती), आणि अट कधी संपणार ते आधीच लिहिलेलं असेल, तर गेटचा मार्ग कदाचित लवकर फळ देईल. रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात तो मीही आधी वापरीन. यातली एक जरी गोष्ट नसेल, तर मी वही उघडीन.

शेजारच्या सचिवांनी अजून ठरवलेलं नाही, आणि त्यांच्या समितीत गेटवाल्यांचं बहुमत आहे. मी त्यांना म्हटलं, नोटीस लावायचीच झाली तर तीत तीन गोष्टी घाला: अट कोणत्या तारखेला संपेल, पहिला डोस घेतलेल्यानं मधल्या दिवसांत काय करायचं, आणि अडवलं गेलेल्या माणसानं कुणाला फोन करायचा त्याचं नाव आणि नंबर. माझी नोटीस मी अजून फाईलमध्ये ठेवली आहे. तिच्यावर नंबर नाही. वर 'व्यवस्थापक समितीच्या आदेशावरून' आणि खाली माझी सही, एवढंच आहे.