हँग-ऑन फिल्टर, आठ महिन्यांनंतर: मोटर उत्तम, पण कार्ट्रिज दर महिन्याला बदलू नका

माशांच्या टँकच्या काठावर लटकवायच्या या फिल्टरला मार्चमध्ये मी एक तारा दिला होता. आज तो रिव्ह्यू काढून हा लिहितोय. मधल्या काळात जे कळलं ते आधी कळलं असतं तर आमचा एक ऑरांडा (गोल्डफिशचीच एक जात) वाचला असता.

आमचा टँक दोन फुटी, पाणी साधारण साठ लिटर. त्यात तीन गोल्डफिश. गोल्डफिश किती घाण करतात ते पाळणाऱ्यांना सांगायला नको. टँक, मासे आणि हा फिल्टर ऑक्टोबरमध्ये एकाच दिवशी घरी आणला, तीच पहिली चूक. पहिल्या महिन्यात दोन मासे दगावले. दुकानदार म्हणाला, "प्रवासात दमले असतील," आणि मी ते मानलं. नंतर आणखी दोन आणले, ते टिकले. पुढचे चार महिने पाणी आरशासारखं स्वच्छ.

डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय की कार्ट्रिज, म्हणजे आतली कापड आणि कोळशाची गाळणी, दर चार आठवड्यांनी बदला. एक कार्ट्रिज २९० रुपयांना, म्हणजे वर्षाचे ३७७० आणि अख्खा फिल्टर १६५० ला! मला ते पटेना, म्हणून बदललंच नाही. पाडव्याआधी घराची साफसफाई काढली तेव्हा मात्र मनात आलं, आपण कंजूषपणा करतोय, माशांचे हाल नकोत. नवीन कार्ट्रिज बसवलं, जुनं कचऱ्यात टाकलं, तळाची खडी नळाखाली खळखळून धुतली आणि टँक चकाचक केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही मासे वर येऊन तोंडं उघडीमिटी करत होते. कल्ले लालभडक झालेले. मोठा ऑरांडा दुपारी तळाशी जाऊन बसला, पर अंगाला चिकटवून. पाणी दिसायला अगदी नितळ, वाससुद्धा नाही.

संध्याकाळी पाण्यातला अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून होणारं विष, मोजायचं लिक्विड किट आणलं. महाग वाटलं, पण या आठ महिन्यांत सार्थकी लागलेला खर्च कुठला विचाराल तर हाच. नळीत ५ मिली पाणी, पहिल्या बाटलीचे ८ थेंब, दुसरीचे ८, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर शून्य. आमचं पाणी दुसऱ्याच मिनिटाला पोपटी झालं आणि पाचव्याला गर्द हिरवं. तक्त्याशी लावलं तर ४ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ४ मिलिग्रॅम.

आमच्या सोसायटीत अर्धं पाणी बोअरचं, जड, पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचा आकडा, ७ म्हणजे मधलं) ८.२. हे महत्त्वाचं आहे. पीएच ७ ला एकूण अमोनियातला एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. ८.२ ला, मार्चच्या उकाड्यात, तो दहा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून दुसऱ्या गावच्या कुणाचे मासे १ पीपीएमला तगले म्हणून आपले तगतील असं धरू नये.

कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. उत्तर मिळालं, "सर, कार्ट्रिज डिफेक्टिव्ह असू शकतं, अजून एक नवीन बसवून बघा." दुसऱ्या दिवशी परत फोन, परत तेच. मासे तडफडताहेत आणि हे मला २९० रुपयांची वस्तू विकताहेत. त्या रात्री मी एक तारा दिला आणि तेव्हा तो पूर्ण मनापासून दिला.

साताऱ्याच्या मावसभावाकडे बारा वर्षांपासून टँक आहेत. त्याला फोन केला. पहिलाच प्रश्न, "जुनं कार्ट्रिज कुठंय?"

"टाकलं रे."

"अरे, फिल्टर तोच होता! डबा नाही. त्यातला चिखल."

मग त्याने समजावलं. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. तो खाणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजला, खडीला, काचेला चिकटून वाढतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. ही वसाहत उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ती एका दुपारी कचऱ्यात टाकली, आणि खडीवर उरली होती ती नळाच्या क्लोरीनने मारली. नवीन कार्ट्रिजमधला कोळसा रंग आणि वास काढतो, अमोनिया नाही. ऑक्टोबरात गेलेले दोन मासेही प्रवासाने दमून गेले नव्हते, हे तेव्हा उमगलं.

त्याच्या सांगण्यावरून जे केलं ते असं. खाणं पूर्ण बंद. गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहू शकतो, मुलीला हे पटवताना मात्र नाकीनऊ आले. अर्धं पाणी लगेच बदललं, अँटिक्लोर (नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारणारं औषध) घालून आणि तापमान जुळवून. अर्धं बदललं की अमोनिया अर्धा होतो, त्यात जादू नाही. चाराचे दोन झाले, रात्री परत अर्धं बदललं, एक झाला. एअर पंप चोवीस तास चालू. पुढे रोज सकाळी दोन बादल्या.

अमोनिया उतरवणारी एक बाटलीही आणली होती. ती घालूनही किट हिरवंच दाखवत होतं, म्हणून फसवणूक झाली असं वाटलं. ते मत मी मागे घेतो. ही औषधं अमोनिया नाहीसा करत नाहीत, काही काळ कमी घातक रूपात बांधून ठेवतात, आणि आमच्यासारखं किट एकूण अमोनिया मोजतं. तेवढी एक रात्र काढायला बाटली ठीक आहे, उपाय पाणी बदलणं हाच. झिओलाइटचे खडे खरोखर अमोनिया शोषतात, फक्त टँकमध्ये मीठ घातलं असेल तर शोषलेला परत सोडतात. दोन्ही एकत्र नको.

मोठा ऑरांडा दुसऱ्या रात्री गेला. मुलीने त्याला तुळशीच्या कुंडीशेजारी पुरलं.

तिसऱ्या दिवशी भाऊ स्वतः आला. डब्यात टँकचंच पाणी आणि त्यात त्याचा जुना, तपकिरी, बुळबुळीत स्पंज. हातात धरवेना असा. त्याने तो आमच्या फिल्टरच्या तोंडाशी धरून पिळला, सगळा गाळ आत जाऊ दिला आणि निम्मा स्पंज कापून आतच ठेवला. दोन दिवस पाणी गढूळ होतं. नवव्या दिवशी किट ०.२५ वर आलं, बाराव्या दिवशी पिवळंधमक. मधे नायट्राइट चढलं, तेही पाणी बदलूनच उतरवलं.

आता फिल्टरबद्दल. कार्ट्रिजचा साचा काढून टाकला. ती फट जेमतेम दोन सेंटिमीटरची, मुद्दाम कार्ट्रिजशिवाय काही बसू नये अशी केल्यासारखी. मधली प्लास्टिकची पट्टी करवतीच्या पात्याने कापली. तळाला जाळीच्या पिशवीत सिरॅमिक रिंगा, वर साठ रुपयांचा जाडसर स्पंज. महिन्यातून एकदा तो स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात, बादलीत, दोनदा दाबतो. नळाखाली कधीच नाही. एप्रिलपासून किट दर रविवारी पिवळं. मोटरचा आवाज रात्रीही येत नाही, फिरकी दोनदा साफ केली तेवढीच. मशीन खरंच चांगलं आहे. त्याच्या डब्यावरची एक ओळ माशांच्या जिवावर उठली.

राहिलेली दोन नवीन कार्ट्रिज फाडून आतला कोळसा टाकला आणि कापड स्पंजवर अंथरलं. पैसे वाया गेले नाहीत.

एक तक्रार मात्र कायम आहे. गेल्या आठवड्यात पहिल्या पावसात पाच तास वीज गेली. परत आल्यावर मोटर गुरगुरत होती, पाणी पडत नव्हतं, कारण डब्यातलं पाणी टँकमध्ये उतरलं होतं. तांब्याने भरल्यावर सुरू झाला. घरात कुणी नसतं तर मोटर कोरडी फिरत राहिली असती आणि रिंगांवरचे जिवाणू सुकून मेले असते. म्हणून चार तारे. पाचवा कापला, आणि टँकमध्ये अडीचशे रुपयांचा स्पंज फिल्टर बॅटरीवर चालणाऱ्या एअर पंपाला जोडून ठेवलाय.